जॉबरमामांचा सेट

अंबादासमामांच्या घरी पाणी नंतर मिळतं, आधी खुर्ची मिळते. ही खुर्ची टेपनं मोजून ठेवलेली आहे. डाव्या स्पीकरपासून सहा फूट, उजव्यापासूनही सहा फूट. तुम्ही टेकलात की मामा समोर उभे राहून एक डोळा मिटतात, "जरा उजवीकडं सरका की," म्हणतात आणि मग खुशाली विचारतात. बाकीच्यांनी दिवाणावर बसायचं. तिथून, मामांच्या मते, निम्मंच गाणं ऐकू येतं.

सोलापूरच्या भवानी पेठेत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मामांनी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात उभा जन्म जॉबरकी केली. जॉबर म्हणजे बिघडलेले माग ठीक करणारा. वीस माग धडधडत असले तरी त्यातला आजारी कुठला, हे त्यांना म्हणे दारातच कळायचं. हे मला मामांनीच सांगितलं, त्यामुळं मी थोडं कमी करून घेतलं होतं. पण एकदा भिंतीपलीकडून माझा मिक्सर ऐकून त्यांनी "बुश गेलाय" असा निरोप पाठवला. खरंच गेला होता. तेव्हापासून मी काही कमी करत नाही.

सेट म्हणजे एक अ‍ॅम्प्लिफायर, एक कॅसेटचा डेक आणि कमरेएवढे दोन स्पीकर. लग्नाआधी मामांनी तो पुण्याहून एसटीनं आणला. स्पीकर सीटवर बसले, मामा सोलापूरपर्यंत उभे. दर रविवारी ते रंगाच्या ब्रशनं त्याची धूळ काढतात. मामी म्हणतात, ह्यांनी पोरीला इतक्यांदा आंघोळ घातली नसेल.

ही पोरगी म्हणजे पद्मा. एकुलती एक. पुण्यात मशीनची डिझाइनं करते. मामा हे वाक्य उच्चारताना शर्टाची कॉलर नीट करतात.

डेकचा पट्टा तुटला आणि तसला पट्टा आता कुठं मिळेना, तेव्हा पद्मानं दिवाळीला एक वाटीएवढा बिनतारी स्पीकर आणला. मामांनी लेकीचा मान राखून एक गाणं पूर्ण ऐकलं आणि तो मामींच्या ओट्यावर नेऊन ठेवला. मला म्हणाले, डब्यात माशी कोंडल्यावानी वाजतंय. पण फोनमध्ये वाटेल ते गाणं मिळतं, हे त्यांच्या डोक्यात बसलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून ते माझ्याकडं आले. सेट तोच ठेवायचा, गाणी तेवढी हवेतनं आणायची, असा त्यांचा बेत होता.

मी काडेपेटीएवढा एक ब्लूटूथचा डबा मागवला. लाल-पांढऱ्या पिना सेटच्या मागं मोकळ्या दिसलेल्या भोकांत खुपसल्या आणि गाणं लावलं. असा घोगरा आरडाओरडा झाला की दारातलं मांजर जे गेलं ते दोन दिवस फिरकलं नाही. मामांनी शांतपणे माझ्या पिना उपसल्या.

"मॅडम, ते तबकडीचं तोंड हाय. तबकडीचा आवाज लई बारीक, म्हणून तितं आत फुगवून घेत्यात. ह्याला शेजारचं."

शेजारच्या भोकांत गाणं सुरेख लागलं. पण मामांना मागं बारीक गुणगुण ऐकू येत होती. मला येत नव्हती, मामींना येत नव्हती. मामा तीन दिवस तिच्या मागावर होते. शेवटी त्यांनी डब्याचा चार्जर बदलला, दुसऱ्या बोर्डावर लावला आणि गुणगुण गेली. मग सनई लावून त्यांनी अख्ख्या बोळाला एकेक करून त्या खुर्चीत बसवलं. सेट लग्नाआधीचा आणि गाणी आजची, हे प्रत्येकाला सांगितलं. गाण्यांचं खातं पोरीनं काढून दिलंय, हेही सांगितलं. कॉलर नीट करून.

पंधरवडा बरा गेला. मग संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास गाणं मधेच बंद पडू लागलं. मामा पुन्हा लावायचे, दोन मिनिटांत पुन्हा बंद. त्यांनी तारा बदलल्या, अ‍ॅम्प्लिफायर उघडला, व्होल्टेजवर संशय घेतला, कॅलेंडरवर रोजच्या वेळा टिपल्या. सहा एकतीस. सहा चाळीस. रविवारी काहीच नाही. शेवटी नाइलाजानं मला बोलावलं.

मी सेट सोडून फोन पाहिला. त्यावर लिहिलं होतं, पद्माच्या फोनवर चालू आहे. मी सांगितलं की खातं एक आणि ऐकणारे दोन. पद्मा हल्ली ऑफिस सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये गाणी लावते, त्या क्षणी इथलं बंद होतं. तुम्ही पुन्हा लावलं की तिकडं तिचं बंद होत असणार. म्हणजे इतके दिवस बाप-लेक नकळत एकमेकांच्या हातातून गाणं ओढून घेत होते. उपाय सोपा होता. मामांच्या नावानं वेगळं खातं, दहा मिनिटांचं काम. मी सुरुवातही केली.

मामांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. कॅलेंडरवर टिपलेल्या वेळांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"म्हणजे हे बंद पडतंय, तवा ती बसमध्ये बसलेली असती?"

मी हो म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, की तिच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी ते रोज संध्याकाळी तिला फोन करून निघालीस का विचारायचे. एक दिवस ती म्हणाली, बाबा, मी लहान आहे का, सगळ्यांसमोर फोन येतो. तिचं चूक नव्हतं, असं मामाच म्हणाले. त्यांनी फोन करणं सोडलं. संध्याकाळ तेवढी जड जायची.

"ऱ्हाऊ द्या मॅडम," ते म्हणाले. "खातं एकच बरं हाय."

परवा मी काही निमित्तानं त्यांच्याकडं गेले होते. मामांनी मला खुर्चीत बसवलं, सरकवलं, बासरी लावली. रंगात आली होती. सात वाजायला पंचवीस मिनिटं असताना ती मधेच तुटली. मामा उठले नाहीत. फोनला हात लावला नाही. फक्त स्वयंपाकघराकडं तोंड करून मामींना त्यांच्या घरच्या तेलुगूत एक शब्द म्हणाले. इतक्या वर्षांच्या शेजारानं तेवढं तेलुगू आता मलाही समजतं.

निघाली.