उरलेला कान

अमळनेरला आमच्या शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्यांदा गेलात, तर तुम्हाला कुणी नाव विचारणार नाही, गाव विचारणार नाही. दगानाना मान वाकडी करून तुमच्याकडे बाजूने बघतील आणि म्हणतील, "पयले कान दे, मंग चहा."

घाबरू नका. मी घाबरलो होतो, पण ते माझं झालं. नाना तुम्हाला बाकावर कुशीवर झोपवतात, कानात कापसाचा बोळा घालतात आणि दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात ती गुलाबी पूड पाण्यात कालवून कानावर थापतात. चार मिनिटांत ती घट्ट होते. त्या साच्यात प्लॅस्टर ओतलं की तुमचा कान तयार, भिंतीवरच्या खिळ्याला लटकायला मोकळा. त्या चार मिनिटांत नाना झाकलेल्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटतात. काय म्हणालात, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तुले नही सांगं. त्याले सांगं."

नाना मूळचे पुतळे करणारे. नरडाण्याकडच्या एका गावात एक आबा वारले आणि त्यांच्या तिन्ही मुलांनी अर्धपुतळा करायला दिला. मुलं बघून गेली. मिशी पास झाली, टोपी पास झाली. शेवटी गावचा न्हावी आला. त्याने पुतळ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "आबाना कान नही हाऊ." मग कसा होता, ते तिघांपैकी एकाही मुलाला सांगता येईना. न्हाव्याने डोळे मिटून बोटाने हवेत काढून दाखवला.

तेव्हापासून नानांचं चेहऱ्यांवरून मन उडालं. चेहरा माणूस आरशात स्वतः सांभाळतो, कान मात्र शेजारी बसणाऱ्याच्या ताब्यात असतो, असं ते म्हणतात. हे म्हणताना स्वतःचे दोन्ही कान मोठ्या पांढऱ्या रुमालात गुंडाळलेले. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळेच कान बांधतात, पण नानांचा रुमाल पौषातही सुटत नाही.

वर्षभर जमलेल्या कानांचा खेळ आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला होतो. सासरी गेलेल्या मुली माहेरी आलेल्या असतात, गाव भरलेलं असतं. नाना शेडचं दार सताड उघडतात. नियम एकच. आपला कान आपण मागायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी ओळखायचा, मग तो दोघांनी मिळून घरी न्यायचा.

मी पहिल्याच वर्षी नियम मोडला. एक देखणा कान आपलाच समजून हेरला आणि काढून खिशात घालणार, एवढ्यात शेजारचे सलीमभाई गादीवाले मागून म्हणाले, "भाऊ, वो मेरा है. रखो वापस." कापसाचे बोळेही त्यांचेच, त्यामुळे वाद घालता येईना. मग आमच्या सौभाग्यवतींनी अर्ध्या मिनिटात माझा कान शोधला. फाटलेल्या पुरीसारखा होता. याच कानाला बावीस वर्षं सांगतेय, असं चारचौघांत जाहीरही केलं.

एकदा चोपड्याहून माहेरी आलेल्या एका मुलीने एक कान उचलला आणि पदराखाली धरून निघाली. तिचे वडील हिवाळ्यात गेले होते. दोघांनी न्यायचा नियम सांगायला नाना पुढे झाले नाहीत. तिला वाट मिळावी म्हणून त्यांनी बाक तेवढा बाजूला ओढला.

मला कुतूहल वेगळंच होतं. दर आखाजीला भिंत रिकामी व्हायची आणि एक कान उरायचा. सलग तीन वर्षं तोच, त्याच कोपऱ्यातल्या खिळ्याला. कोणाचा, असं विचारलं की नाना विषय भरताच्या वांग्यांवर न्यायचे. नानी गेल्यापासून स्वयंपाक तेच करतात, त्यामुळे वांग्यांवर बोलायला त्यांच्याकडे बरंच असतं.

यंदा दिवस मावळताना मी त्या कोपऱ्यासमोर उभा राहिलो आणि डोक्यात उजेड पडला. गल्लीतले सगळे कान गेले होते. मी विजयी मुद्रेने बोट दाखवलं. "नाना, हा तुमचा."

नानांच्या हातातला झाडू थांबला. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "कसं वळखं रे भो?"

"सोपं आहे. एवढाच उरलाय."

ते पुन्हा झाडायला लागले.

"हाई वळख नही," ते म्हणाले. "हाई वजाबाकी शे."

अकरा वर्षं मी त्या बाकावर नानांच्या डाव्या हाताला बसून चहा पितोय. त्या रात्री अंथरुणावर पडून नानांचा कान आठवायला गेलो, तर नुसता रुमाल आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला गेलो. कोपऱ्यातला खिळा रिकामा होता. पुढच्या आखाजीसाठी आदल्या दिवशीच्या पाहुण्यांचे चार-पाच नवे कान टांगले होते, त्यात कुठेतरी तो मिसळला असणार. नाना नेहमीच्या जागी बसले होते, डोक्याला रुमालही होताच. फक्त डाव्या बाजूने तो कानाच्या वर खोचलेला होता.

मी भिंतीकडे वळलो नाही. चहा बशीत ओतला आणि बघत बसलो. वरच्या काठाला एक बारीकशी घडी आहे, वहीच्या पानाचा कोपरा दुमडावा तशी.