आबांच्या मनगटावरचा कंडक्टर

वस्तू पारखून घ्यावी तर ती मीच, हे आमच्या धुळ्याच्या ऑफिसात कोणीही सांगेल! कूलर, मिक्सर, बाइकचे टायर, कोणाला काही घ्यायचं असलं की लोक आधी माझ्या टेबलाशी येतात. वहीत रकाने आखून, एका बाजूला गुण आणि एका बाजूला दोष लिहून मी निकाल देतो. त्यामुळे आबांसाठी जीपीएसवालं घड्याळ घ्यायचं ठरलं तेव्हा घरात कोणी तोंड उघडायचा प्रश्नच नव्हता.

आबा म्हणजे माझे वडील, बन्सीलाल. वय त्र्याहत्तर. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते, आता निवृत्त. साखरेचा त्रास आहे आणि मागच्या दिवाळीत अंगणात एकदा चक्कर येऊन बसले होते. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. आबा सकाळी चालायला म्हणून जातात, पण मोबाइल घरी ठेवून! म्हणतात, "गाडी चालवताना फोन वापरू नये. तीस वर्षांची सवय आहे."

मी तीन आठवडे अभ्यास केला. पहिल्या घड्याळाची बॅटरी चौदा दिवस टिकायची, पण त्याला फोन जवळ लागायचा. म्हणजे आबांच्या बाबतीत ते नुसतं कडं! दुसरं पाण्याखाली शंभर मीटर चालणार होतं. आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं तर लोक एकमेकांचं अभिनंदन करतात, तिथे शंभर मीटर पाणी आणायचं कुठून? तिसऱ्याला स्वतःचं सिम होतं. माणूस कुठे आहे ते नकाशावर दाखवणार, पावलं मोजणार, ठोके मोजणार आणि माणूस पडला तर घरच्या तिघांना आपोआप निरोप पाठवणार! बॅटरी जेमतेम दीड दिवसाची, पण रोज संध्याकाळी मी स्वतः चार्ज करणार होतो.

जळगावचे आमचे मेहुणे, म्हणजे बहीण सुलक्षणाचे यजमान प्रशील, यांनी फोनवर विरोध नोंदवला.

"जीवनभाऊ, चौदा दिवसवालं घ्या. मी तेच वापरतो."

"तुम्ही फोन घेऊन झोपता, दाजी. आबांचं तसं नाही."

घड्याळ आलं. मी ते आबांच्या मनगटावर बांधलं. आबांनी चकार शब्द काढला नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती!

पहिल्या दिवशी आबांची पावलं भरली नऊशे. दुसऱ्या दिवशी अकराशे. तिसऱ्या दिवशी एकदम बारा हजार! मी ऑफिसात खुर्चीतून उठून उभा राहिलो. शेजारच्या टेबलावरच्या झुलालभाऊंना मोबाइल दाखवला. नकाशावर आमच्या घराभोवती नुसती भेंडोळी झाली होती. लहान पोरानं पेन्सिलनं गिरवल्यासारखी.

"बघा! आबा घराभोवती फेऱ्या मारताहेत!"

"एवढ्या उन्हात?" झुलालभाऊ म्हणाले.

"इच्छाशक्ती!" मी म्हणालो.

पुढे आठवडाभर रोज बारा-तेरा हजार. मी ते आलेख डॉक्टरांना नेऊन दाखवले. डॉक्टर चष्मा वर करून म्हणाले, "वा! एवढी चाल असेल तर आठवड्यातून एखादी जिलबी चालेल." आबांनी 'एखादी' हा शब्द मोठ्या मनानं घेतला, हे नंतर कळलं.

आता त्या मंगळवारची गोष्ट. एप्रिल महिना, सकाळचे साडेदहा. मी फायलीआड मोबाइल उघडला तर आबांचा निळा ठिपका घराजवळ नव्हता. तो अमळनेरच्या रस्त्याला लागला होता. वेग, ताशी चोपन्न!

मी झुलालभाऊंना दाखवलं. त्यांनी दोन बोटांनी नकाशा मोठा करून पाहिला.

"आबांची इच्छाशक्ती फारच वाढली," ते म्हणाले.

"अहो, चेष्टा काय करता? ते गाडीत आहेत!"

"जीवनभाऊ, रागावू नका. पण आबांनी स्टँडवरून एखादी एसटी तर नाही ना काढली? जुना हात आहे."

मी लगेच आईला फोन लावला. नुसता वाजत राहिला. बायकोला, म्हणजे सविताला फोन लावला, पण ती शाळेत वर्गावर. तोवर ठिपका अमळनेरात शिरला आणि एका गल्लीत थांबला. जरा हायसं वाटलं. तासभर काहीच हललं नाही. मग ठोके वाढायला लागले. शंभर, एकशे अठरा, एकशे बत्तीस! आणि माझा मोबाइल किंचाळला: 'बन्सीलाल पडल्याचं आढळलं आहे. प्रतिसाद मिळत नाही.'

झुलालभाऊंनी बाइकची किल्ली काढली. साहेबांना काय सांगितलं ते मला आठवत नाही. बहुतेक मी काही सांगितलंच नाही.

शहराबाहेर पडेपर्यंत दुसरा निरोप आला: पडल्याचं आढळलं आहे. मग तिसरा. मग चौथा! मी झुलालभाऊंच्या पाठीला धरून बसलो होतो आणि खिशातला मोबाइल थरथरत होता. तेवढ्यात दाजींचा फोन आला. पडल्याचे निरोप जाणाऱ्या तिघांत त्यांचं नाव मीच घातलं होतं.

"जीवनभाऊ, सात वेळा पडले आबा!"

"मला चारच आलेत!"

"तुमची रेंज गेली असेल. पण धीर धरा. सात वेळा पडायचं म्हणजे मधे सहा वेळा उठावं लागतं. म्हणजे उठण्याइतके बरे आहेत."

मागून सुलक्षणाचा रडण्याचा आवाज येत होता.

"आम्ही जळगावहून निघालोय. अमळनेरच्या ओळखीच्या एकाला सांगून अ‍ॅम्ब्युलन्सही पाठवतोय. आणि जीवनभाऊ, आत्ता बोलायची ही वेळ नाही, पण चौदा दिवसवालं घेतलं असतं तर..."

मी फोन कापला.

उन्हाच्या झळा तोंडावर येत होत्या. दोन्ही बाजूंना कापसाची रिकामी शेतं. मला सारखं दिसत होतं की आबा कुठल्या तरी अनोळखी गल्लीत उठताहेत आणि पडताहेत, आणि लोक बघत उभे आहेत. तीस वर्षांत ज्या माणसानं एकदाही गाडी घासली नाही, तो असा पडावा? लहानपणी मी त्यांच्या शेजारी इंजिनच्या झाकणावर बसून याच रस्त्यानं गेलो होतो. डोळ्यांत पाणी आलं. झुलालभाऊंना सांगितलं, धूळ गेली.

अमळनेरात नकाशा दाखवेल तसे वळत गेलो. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. शेवटच्या वळणावर मी म्हणालो, "झुलालभाऊ, ही गल्ली ओळखीची वाटते."

वाटणारच! समोर माझ्या बेबाबाई मावशीचं घर होतं. आईची धाकटी बहीण. दारात कापडी मांडव होता आणि पंधरा-वीस चपला. मी चपलांवरून उडी मारून आत शिरलो. बैठकीत कडक इस्त्रीची मंडळी ओळीनं बसली होती. मी ओरडलो, "आबा कुठे पडलेत?"

मंडळी उभी राहिली. एका पाहुण्याच्या हातातलं सरबत दुसऱ्या पाहुण्याच्या सदऱ्यावर गेलं. मावशी आतून धावत आली.

"माय वं! जीवन, तू कसा काय उना रे?"

"मावशी, आबा? आबा कुठे आहेत?"

"भाऊजी? त्या कथा उनात इथे?" मावशीच्या अहिराणीचा अर्थ एवढाच, की आबा इथे आलेच नव्हते!

तेवढ्यात मागच्या अंगणातून आवाज आला, धप्प! आणि माझ्या हातातला मोबाइल किंचाळला: पडल्याचं आढळलं आहे!

मी मागे धावलो. झुलालभाऊ माझ्यामागे, पाहुणे झुलालभाऊंमागे.

अंगणात चूल पेटली होती. चुलीवर खापर पालथं घातलेलं. शेजारी परातीपुढे माझी आई, द्रौपदाबाई, पदर खोचून बसली होती. पुरणाच्या मांड्यांसाठी भिजवलेली कणीक दोन्ही हातांनी उचलत होती आणि सगळ्या ताकदीनं परातीत आपटत होती. बांगड्या कोपराकडे सारलेल्या, आणि बांगड्यांच्या मागे आबांचं घड्याळ!

धप्प! मोबाइल पुन्हा किंचाळला.

"आई!"

"आलास का? बरं झालं," आई कणकेवरची नजर न काढता म्हणाली. "ते तूप इकडे सरकव."

"आई, हे घड्याळ तुझ्या हातात कसं?"

"तुझ्या आबांनी दिलं. ते दर तासाला गुरगुरायचं, उठा, चाला. ते म्हणाले, पोरानं माझ्या मनगटावर कंडक्टर बसवलाय, पत्ते खेळू देत नाही. तू दिवसभर हिंडतेसच, तर तुझ्याच हातात राहू दे. संध्याकाळी तू यायच्या आधी परत घालायचे, रात्री तू झोपलास की पुन्हा माझ्या हातात."

"आणि तू इथे आलीस ते सांगायचं नाही?"

आता आईनं वर पाहिलं. "सकाळी सांगितलं ना! बेबाच्या नातवाचं लग्न ठरतंय, व्याही जेवायला येताहेत, मी मांडे करायला जाते. तू हो हो म्हणालास."

खरं होतं. मी हो हो म्हणालो होतो. त्या वेळी मी मोबाइलवर आबांची सरासरी झोप बघत होतो.

तेवढ्यात गल्लीतून भोंगा वाजवत अ‍ॅम्ब्युलन्स आली. मांडवाशी थांबली. दोघं जण स्ट्रेचर घेऊन उतरले. मुलीकडचे एक वयस्कर गृहस्थ मावशीकडे वळून काळजीनं म्हणाले, "घरात कोणी आजारी आहे का? तसं आधी सांगायला हवं होतं."

लग्न मोडतं की काय! मावशीचा चेहरा पांढरा पडला. त्या सोयरिकीसाठी ती दोन वर्षं खटपट करत होती. पण बेबाबाई मावशी ती! तिनं स्ट्रेचर अंगणाच्या कोपऱ्यात उभं करायला लावलं, दोघांच्या हातात ताटं दिली आणि सगळे जेवायलाच आल्याचं ठणकावून सांगितलं, "कोनी आजारी नही शे! बठ्ठा जेवाले उनात. आक्काना मांडा म्हनल्यावर अमळनेर काय, जळगाववरथून लोके येतंस!"

आणि त्याच क्षणी दारात जळगावची गाडी थांबली. दाजी आणि रडून डोळे सुजलेली सुलक्षणा आत आले.

"पाहा!" मावशी म्हणाली.

वयस्कर गृहस्थ परत बसले. पहिला मांडा खाल्ल्यावर त्यांनी ताट पुढे केलं. दुसऱ्यानंतर म्हणाले, "लोक येतात ते बरोबर आहे." सोयरीक पक्की झाली. मुलीच्या आत्यानं तर लग्नातल्या मांड्यांसाठी आईला तिथल्या तिथे आमंत्रण दिलं.

सुलक्षणानं मात्र आईचा हात धरून घड्याळात पाहिलं. ठोके अजून एकशे चोवीस होते. तिनं आईला बळेच सावलीत बसवलं, स्वतः पदर खोचला आणि परातीपाशी बसली. मीही शेजारी बसलो. मोबाइल उघडला आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते सगळे आकडे आईचे होते. पहाटे चार चाळीसला उठणं. पाच तास झोप. बारा हजार, तेरा हजार पावलं, आणि नकाशावर घराभोवतीची ती भेंडोळी! चूल नाही, गॅस आहे घरात. तरीही मोरी ते ओटा, ओटा ते गच्ची, गच्ची ते पाण्याची टाकी. आठ-दहा दिवस मी ते आकडे ऑफिसात कौतुकानं दाखवत होतो. कौतुक आबांचं करत होतो.

"आई, तू एवढी चालतेस?"

"मग? घर काय आपोआप चालतं?" आई म्हणाली आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

मी तिचा पेला पुन्हा भरला. दाजी हळूच म्हणाले, "चौदा दिवसवाल्यात झोपेचा आलेख जास्त स्पष्ट येतो." सुलक्षणानं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना वाढायला उठले.

आता प्रश्न उरला, आबा कुठे आहेत? झुलालभाऊंचा एक चुलत भाऊ धुळ्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "बन्सीलालआबा? हे काय समोरच्या बाकावर. जिलबी खाताहेत. देऊ का?"

आबा फोनवर आले. आवाज प्रसन्न.

"काय रे?"

"आबा, तुम्ही कुठे आहात ते कोणालाच माहीत नाही! आम्ही सगळे अमळनेरात शोधतोय!"

"अमळनेरात? मी तर रोज इथेच असतो," आबा म्हणाले. "स्टँडवर कोणालाही विचारायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी मी दोघांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. आईची तब्येत ठीक निघाली, पण डॉक्टरांनी दुपारी दोन तास झोपायचं लिहून दिलं, तेही गोळ्या लिहितात त्या कागदावर. आबांची साखर मोजल्यावर डॉक्टरांनी यंत्र दोनदा झटकलं. जिलबी बंद. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"तुमची कधी तपासली होती?"

"माझी? मी तर तपासणीचं बघतो, डॉक्टर. रकाने आखून!"

त्यांनी माझं बोट टोचलं. पुढचं मी सांगत नाही. एवढंच सांगतो की आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, तुला सोबत होईल."

घड्याळ आई परत द्यायला तयार नाही. दुपारी झोपून उठली की आधी ते बघते आणि किती झोप झाली ते सविताला सांगते. नळाचं पाणी आता मी भरतो, गच्चीवरची वाळवण आबा उचलतात. आणि रोज सहाला आम्ही बापलेक पांझरा नदीच्या काठानं चालायला जातो, रिकाम्या मनगटांनी.

परवा परत येताना गरम पोह्यांचा वास आला. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आबांकडे. कुठे नोंद नाही, ठिपका नाही, निरोप नाही! आम्ही शांतपणे पोहेवाल्या मंदाबाईंच्या गाडीशी गेलो आणि मी दोन प्लेट सांगितल्या. वरून शेव, आणि आबांसाठी एक जिलबी.

मंदाबाईंनी झारा खाली ठेवला.

"द्रौपदाअक्का काल स्वतः येऊन सांगून गेल्या. तुम्हा दोघांना काही द्यायचं नाही. नदीकाठच्या सगळ्या गाड्यांवर सांगून गेल्यात."

"अर्धी प्लेट?" मी विचारलं.

मंदाबाईंनी मोबाइल उचलला. आम्ही निघालो. आबांचा चालण्याचा वेग त्या दिवशी मात्र चांगला होता.