गच्चीवरचा विषमुक्त कोबी

चारकोपच्या ‘निसर्गछाया’ सोसायटीच्या गच्चीवर मृणालिनी गुप्ते यांनी कोबी लावला, त्यामागे कोणताही सामाजिक उद्देश नव्हता. त्यांचे यजमान देवदत्त मोठ्या आजारातून उठले होते. अन्नावरची वासनाच गेली होती. एकदा मात्र त्यांनी कोळंबी घातलेल्या कोबीच्या भानोल्याची आठवण काढली. बाईंना तेवढं पुरलं. पाण्याच्या टाकीशेजारी कुंड्या मांडून त्यांनी रोपं लावली.

गड्डे धरू लागले तसा सेक्रेटरी श्यामकांत कारखानीसांना पर्यावरणाचा साक्षात्कार झाला. गच्ची सामायिक, तेव्हा कोबीही सामायिक, असं कमिटीने ठरवलं. गेटवर ‘विषमुक्त शेती प्रकल्प’ असा फलक लागला. बाईंची मानद सल्लागार म्हणून नेमणूक झाली. म्हणजे पाणी पूर्वीसारखं त्याच घालणार होत्या.

मग पानांवर हिरव्या अळ्या पडल्या. बाई रोज सकाळी पानं उलटून त्या वेचू लागल्या. तळमजल्यावरच्या तेजल शहांनी जीवहत्येला हरकत घेतली. कमिटीवरच्या यज्ञेश नाईकांचं म्हणणं, अळ्याच नसतील तर विषमुक्त कशावरून? निंबोळी अर्क मारू का, असं बाईंनी विचारलं, पण फवारणी ठरावात बसत नव्हती. अखेर पुढच्या सभेपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवण्याचा आदेश निघाला. तो अळ्यांना लागू नव्हता.

“अहो, सभेपर्यंत नुसत्या शिरा उरतील,” बाई म्हणाल्या.

“उरू देत. विषमुक्त असतील ना?” कारखानीस म्हणाले.

सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. कुंड्यांत दांडे उरले. दरम्यान आजूबाजूच्या सोसायट्यांना ‘कोबी महोत्सवा’ची आमंत्रणं गेली होती. कारखानीस मालाडच्या बाजारातून रिक्षाभर कोबी घेऊन आले आणि विश्वासार्हतेसाठी वरच्या पानांना छत्रीच्या काडीने भोकं पाडली. भानोलं बाईंनीच करायचं ठरलं, सर्वांना चालावं म्हणून कोळंबीशिवाय.

महोत्सवात पाहुण्यांनी एकमताने सांगितलं की बाजारच्या कोबीला ही गोडी नसते. देवदत्तांनी एक घास घेतला आणि बशी खाली ठेवली. ते पाहून बाई उठल्या, त्यांनी माइक हातात घेतला.

“हा कोबी बाजारातला आहे. आमचा सगळा अळ्यांनी खाल्ला.”

पाहुण्यांनी एकमेकांकडे कौतुकाने पाहिलं. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढं करून श्रेय न घेणारी माणसं हल्ली मिळत नाहीत, असं कारखानीसांनी आभार मानताना सांगितलं.

संध्याकाळी बाईंनी उरलेला एक गड्डा घरी नेला, कोळंबी सोलली आणि खाली-वर विस्तव देऊन भानोलं लावलं. देवदत्तांनी मागून घेऊन खाल्लं. कोबी कुठला, हे त्यांनी विचारलं नाही. बाई बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या.

आता दर रविवारी गेटवर आपल्या प्रकल्पाचा कोबी मिळतो. बाई येता-जाता प्रत्येकाला सांगतात, हा मालाडच्या बाजारातला आहे. लोक समजूतदारपणे हसतात आणि भोकं पडलेलाच गड्डा मागतात. परवा तुम्हीही दोन नेलेत.