पाच गप्प मुली आणि शिरोळचा नारळ

माणसाला बोलतं करणं म्हणजे पाण्यात मीठ विरघळवणं. थोडी ऊब द्यायची, सावकाश ढवळायचं, घाई करायची नाही. १९७१ च्या जूनमध्ये आमच्या मुख्याध्यापिका सरोजिनीबाईंना मी हे लेखी दिलं होतं, खाली सहीसुद्धा केली होती.

तेव्हा मी कोल्हापुरात मुलींच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते. अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात, पाच मुली अशा होत्या, की हजेरीला नाव पुकारलं तरी त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडायचा. मधल्या सुट्टीत पाच जणी पाच कोपऱ्यांत डबा खायच्या. त्यांना दर शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत एकत्र बसवायचं. ऑगस्टअखेर पाचही जणी बोलतील, असा माझा दावा होता.

ऑगस्टअखेर म्हणायला कारण होतं शालन. मलकापूरची, शिकायला कोल्हापुरात मामाकडे राहायची. गणितात पहिली, पण महिनोन्महिने शब्द नाही. एक दिवस तिचे वडील भाऊसो थेट शाळेत आले.

"बाई, घरात बोलत न्हाय, दारात बोलत न्हाय. सारखी एकटी बसती. असंच चाललं तर पोरगी हातची जायची आमच्या."

"मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आहे. मला ऑगस्टपर्यंत वेळ द्या."

"शेवटच्या शनवारी येतो. माझ्याम्होरं बोलली तर ऱ्हाऊ दे. न्हायतर ट्रंक उचलून घरी नेतो."

मुलींना कुणी हसू नये म्हणून मी सगळं गुपचूप ठेवलं. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली. आमच्या शिपाईण सोनूबाईंनाही काही सांगितलं नाही. शास्त्रीय कामात गुप्तता पाळावी, असं मला वाटायचं. आता वाटत नाही.

पद्धत सोपी होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिल्या शनिवारी नुसतं शेजारी बसायचं. मग नाव सांगायचं, मग गाव. रिकामे हात थरथरतात असं दिसलं, म्हणून मी पोहे आणले आणि बशा मुलींनी आळीपाळीनं फिरवायच्या असं ठरवलं.

एका शनिवारी प्रमोदिनी हळूच म्हणाली, "शाळेत यायच्या आधी माझ्या पोटात दुखतं." नंदिनीनं वर पाहिलं. "तुझ्यासुद्धा?" त्या सोमवारपासून पाचही जणी एका झाडाखाली डबा खायला लागल्या. शालन मात्र अजून गप्पच. पण ती मध्यभागी बसायची.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारसाठी एकच पायरी राहिली होती: अनोळखी माणसाशी बोलणं. मी सोनूबाईंना म्हटलं, "या शनिवारी एक बाहेरची बाई घेऊन या. प्रेमळ हवी. मुलींना चार प्रश्न विचारायचेत."

सोनूबाईंचा चेहरा उजळला. "आता समजलं बगा बाई, खिडक्या का झाकल्यात ते. माझ्या ध्येनात हाय एक."

मला वाटलं, काय समंजस बाई आहे.

शनिवारी आल्या त्या शिरोळच्या धोंडुबाई. हिरवं लुगडं, आणि आवाज असा की कपाटातल्या परीक्षानळ्या किणकिणल्या. मागून नवी टोपी घातलेला त्यांचा मुलगा बाळासो आला आणि आम्लाच्या बाटल्यांशेजारी उभा राहिला. सोबतीला आला असेल, असं मी धरून चालले.

धोंडुबाई माझ्या खुर्चीत बसल्या. "नाव काय गं तुझं?"

प्रमोदिनीनं पूर्ण नाव सांगितलं. मी वहीत टिपलं: चार सेकंदांत उत्तर.

"भाकरी थापाय येती?"

"येते."

"जरा चालून दाव बरं."

प्रमोदिनी फळ्यापर्यंत जाऊन परत आली. मी लिहिलं: सर्वांसमोर चालली. धीर वाढतो आहे.

"आता तू गं. केस सोड बगू."

नंदिनीनं घाबरून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझी नजर धोंडुबाईंच्या पिशवीकडे गेली. नारळ, खण, कुंकवाची डबी.

"सोनूबाई," मी कुजबुजले, "या कशासाठी आल्यात?"

"अवो, पोरी बगायला. पाच गप पोरी एका जागी, त्याबी अकरावीच्या. आख्ख्या पेठेत बोलबाला हाय."

"आमच्यात बोलनारी मी एकटी बास हाय," धोंडुबाई म्हणाल्या. "सून गप पायजे."

आणि दारात भाऊसो उभे होते. खाली टांगा थांबवून आलेले. शालन पोह्यांची बशी घेऊन नेमकी धोंडुबाईंसमोर होती.

"ही पसंत," धोंडुबाई म्हणाल्या.

भाऊसोंनी एकदा लेकीकडे, एकदा नारळाकडे पाहिलं. "गाव कंचं पावणं?"

"शिरोळ. अठरा एकर ऊस. दारात ट्रॅक्टर."

भाऊसो हळूहळू बाकावर टेकले. "आमची बोलत न्हाय बरं का."

"म्हनूनच की."

बाकीच्या चौघी हातातल्या बशांसकट गोठल्या होत्या. भाऊसो माझ्याकडे वळले. "बाई, तुमी शब्द दिलता. बोलती का पोरगी? न्हाय म्हनला तर मी ह्यास्नी व्हय म्हनतो."

मला सगळं सांगायचं होतं. हा गैरसमज आहे. मार्चला परीक्षा आहे. मुली एकत्र जेवायला लागल्यात. वाक्यं क्रमवार तयार होती, पण एकही तोंडाबाहेर पडेना. मी तोंड उघडलं, मिटलं. सोनूबाईंनी कुंकवाची डबी उघडली.

टेबलावर बशी ठेवल्याचा आवाज आला.

"तुमचा मुलगा कितवी शिकलाय?"

मी चमकून पाहिलं. शालन विचारत होती.

"तुला गं काय करायचंय?" धोंडुबाई म्हणाल्या.

"सातवी," बाळासो जमिनीकडे बघत म्हणाला. "नापास."

"मी अकरावीला हाय. मला परीक्षा द्यायचीया." शालनचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "अप्पा, मामी माझ्या बोलन्याची नक्कल करती. वर्गातबी हसत्यात. म्हनून मी गप ऱ्हायले. ह्या चौघी हसत न्हाईत. मला हितंच ऱ्हायचंय."

प्रमोदिनीनं बशी ठेवली आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग नंदिनी. मग उरलेल्या दोघी.

भाऊसो बाकावरून उठले. मग त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. "टांगा माघारी लावतो," ते म्हणाले. "मामीला काय ते मी बगतो."

"आता आम्ही रोज तुझ्या डब्यातच बसणार," नंदिनी घाईत ‘शेजारी’ऐवजी ‘डब्यात’ म्हणाली आणि पाचही जणी हसल्या.

"ह्या कसल्या गप पोरी? वकील हायत वकील," धोंडुबाई पिशवी उचलत उठल्या. दारापाशी मात्र थबकल्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. एवढ्या गोंधळात, पोरी सोडल्या तर, त्या खोलीत एकच बाईमाणूस मोठ्यानं एक अक्षरही बोललेलं नव्हतं.

"सोनूबाई, ह्या बाईंचं लगीन झालंय का?"

"न्हाय की."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. या वेळीही शब्द फुटला नाही. धोंडुबाईंनी समाधानानं मान हलवली आणि नारळ माझ्या ओटीत ठेवला.

तो परत करायला दुसऱ्या दिवशी मी शिरोळला गेले. बोलण्यासाठी शालनला बरोबर नेलं होतं.