ओल्मिर मेलेला नाही!

"तीन आठवड्यांनी मास्तरांची मिशी उतरलीच म्हणून समजा!"

निनोस्का सेपुल्वेदाने हे जाहीर केलं तेव्हा तिच्या तोंडात चार टाचण्या होत्या, तरी एकही शब्द अडखळला नाही. ताल्का शहरात कपडे बेतावेत, उसवावेत आणि पुन्हा शिवावेत ते निनोस्कानेच. पण शिवणकाम हा झाला पोटापाण्याचा उद्योग. तिचा जीव होता 'धुक्याचे सात किल्ले' या कादंबरीमालेत. सहा जाडजूड खंड येऊन गेले होते, सातवा आणि शेवटचा तीन आठवड्यांनी यायचा होता. त्यात ओल्मिर परत येणार, हे तिला खुद्द लेखकापेक्षा जास्त ठाम माहीत होतं!

ओल्मिर कोण? बरोबर आहे, कुणालाच आठवत नाही. दुसऱ्या खंडात एक कंदीलवाला उपाशी राजपुत्राला आपल्याकडचा अर्धा कांदा देतो, तो ओल्मिर. चौथ्या खंडात लढाईच्या ऐन धामधुमीत एक वाक्य येतं: 'कंदीलवाला ओल्मिर पुलावरून पडला.' बस्स! पुढच्या वाक्यात लेखक घोड्यांकडे वळतो.

या एका वाक्यावरून फ्रेसियाच्या बेकरीमागच्या खोलीत दर गुरुवारी, चहाच्या वेळी, तीन वर्षं रणकंदन चाललं होतं.

"पडला म्हणजे मेला," मास्तर म्हणत. मास्तर म्हणजे एवारिस्तो ओयार्सून, चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. "पुलाची उंची पन्नास हात, खाली खडक. मी सगळं मांडून बघितलंय."

"मग प्रेत दाखवा!"

"पुस्तकातलं प्रेत मी कुठून आणून दाखवू, ताई?"

"नाही ना दाखवता येत? मग तो जिवंत आहे! अहो, स्वतः उपाशी राहून ज्याने अर्धा कांदा दिला, त्याला लेखक असा वाऱ्यावर सोडेल? तोच खरा राजा निघणार आहे!"

"आणि नाही निघाला तर?" मास्तरांनी आदल्याच गुरुवारी विचारलं होतं.

निनोस्काने पावाला ॲव्होकाडो फासता फासता सुरी खाली ठेवली. "ओल्मिर जिवंत निघाला तर तुम्ही मिशी उतरवायची. आणि ज्या दिवशी मी माझ्या तोंडाने म्हणेन की तो मेला, त्या दिवशी माझे सगळे खंड तुमचे!"

ते खंड म्हणजे निनोस्काचा प्राण होता. पानोपानी लाल पेन्सिलीने केलेल्या खुणा आणि खुणेसाठी रंगीत दोरे. शिवणयंत्रावर पुस्तक टेकवून एका हाताने पान आणि एका हाताने कापड सांभाळत तिने ते वाचले होते.

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. "कबूल."

पैजेनंतर चार दिवसांनी फ्रेसिया पिठाच्या हातांनीच पळत आली. "निनोस्का! ओढ्याच्या पुलावर तुझ्या ओल्मिरची आनिमिता बांधलीय!"

आता, ताल्क्यात रस्त्यावर कुणाला अवचित मरण आलं की त्या जागी पत्र्याचं एक इवलंसं घर बांधतात, तीच आनिमिता. असा आत्मा नवसाला पावतो, म्हणून लोक तिथे मेणबत्त्या लावतात. निनोस्का पुलावर पोचली, तर खरंच निळ्या रंगाचं टुमदार घरकुल! आत अर्धा कांदा, आणि वर मास्तरांच्या फळ्यावरच्या सुबक अक्षरात: 'ओल्मिर. इथून पडला.'

"जित्या माणसाची आनिमिता!" निनोस्का कडाडली. "मास्तर, चेष्टेलाही काही सुमार असतो! आत्ताच्या आत्ता उपटून टाकते!"

तिने तिथेच पडलेली हातोडी उचलली, पण घरकुलापुढे आधीच तीन मेणबत्त्या जळत होत्या. चौथी लावत बसली होती रुदेलिंदा, कोपऱ्यावरची भाजीवाली.

"अगं बाई, हातोडी कशाला? मरायचंय का?" रुदेलिंदा ओरडली. "आनिमितेला हात लावला की आत्मा हात धुऊन मागे लागतो!"

हे ताल्क्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. निनोस्काची हातोडी हवेतच राहिली.

"पण हा मेलेला नाही, मावशी!"

"तसं प्रत्येकाच्या घरच्यांना वाटतं गं. बिचारा तुझा कोण होता?"

हातोडीने जमलं नाही ते ब्रशने करू, असं निनोस्काने ठरवलं. मागे हटणं तिला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने घरकुलाला न शिवता शेजारी मोठी पाटी रोवली: 'ओल्मिर मेलेला नाही! कृपया मेणबत्त्या लावू नयेत.'

झालं! दोन दिवसांत पुलावर पाय ठेवायला जागा उरली नाही. मेलेला नाही? म्हणजे ऐकतोय! मेणबत्त्या नकोत? मग कांदे आणा! कांद्यांचा ढीग कठड्याच्या वर गेला. कुणाचा गुडघा बरा झाला, कुणाची हरवलेली शेळी घरी आली. चर्चचे फादर वही घेऊन आले आणि शांतीसाठी प्रार्थना ठेवायची तर दिवंगताचं आडनाव काय, म्हणून विचारू लागले. फ्रेसियाने तर कांद्याच्या आकाराचे गोड पाव विकायला काढले!

"फ्रेसिया, तूसुद्धा?"

"अगं, खपतायत! मी काय करू?"

शेवटी निनोस्का टोमॅटोच्या खोक्यावर उभी राहिली. "लोकहो! ओल्मिर नावाचा माणूस कधी या पुलावर आलाच नाही! तो पुस्तकातला आहे, पुस्तकातला!"

"संत सगळे पुस्तकातच असतात, बाई," एक म्हातारा शांतपणे म्हणाला, आणि त्याने टोपी काढून कांदा ठेवला.

मास्तर कठड्याला टेकून उभे होते. त्यांचाही चेहरा उतरला होता. "ताई, मला फक्त तुम्हाला चिडवायचं होतं हो," ते पुटपुटले.

"शनिवारी सातवा खंड येतोय," निनोस्का म्हणाली. "मग बघू!"

शनिवार उजाडला. पुस्तकांच्या दुकानाचं दार उघडायच्या आधी निनोस्का रांगेत पहिली होती. घरी येऊन तिने शटर ओढून घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. एका नवरीच्या झग्याची डावी बाही टाचण्यांवर लोंबकळत होती, ती तशीच राहिली. नऊशे बारा पानं! किल्ले पडले, ड्रॅगन मेले, राजपुत्राने तीन वेळा लग्न केलं. रविवारी दुपारी निनोस्काने शेवटचं पान उलटलं, मग कोरी पानं उलटली, मग मागचा पुठ्ठाही तपासला.

ओल्मिरचं नावच नव्हतं! मेला नाही, जगला नाही, कांद्याचासुद्धा उल्लेख नाही!

तिला रडू कोसळलं. तीन वर्षं ज्याच्यासाठी ती भांडली त्याला लेखक साफ विसरून गेला होता, आणि याचंच तिला सर्वांत जास्त वाईट वाटलं. गुरुवारी मास्तरही खट्टू होते. "एक वाक्य तरी लिहायचं त्या माणसाने," ते म्हणाले. मिशी आणि खंड जागच्या जागी राहिले.

पण निनोस्का गप्प बसणारी नव्हती. शुक्रवारी भर दुपारी, पुलावर चिटपाखरू नाही असं बघून, ती घरकुलापुढे वाकली आणि पिशवीतून मेणबत्ती काढली.

"हे बघ, तू जिवंत आहेस हे मला माहीत आहे. तेव्हा हा नवस नाही, नुसती विनंती आहे. त्या लेखकाकडून अजून एक खंड लिहून घे. तुझ्यासाठीच सांगतेय!"

आणि मंगळवारी बातमी आली! लेखकमहाशय आठवा खंड लिहिणार! किल्ले सात असताना खंड आठवा कसा, हे कुणीही विचारलं नाही. निनोस्का रस्त्यात नाचली. तेवढ्यात रुदेलिंदाने तिला गाठलं.

"शुक्रवारी मेणबत्ती लावत होतीस ना? पावला ना? मग आभाराची पाटी कधी लावतेस?"

"कसली पाटी? मी काही नवस बोलले नव्हते."

"बघ हो! माझ्या बहिणीने पाटीला उशीर केला, तर बरा झालेला दात पुन्हा ठणकायला लागला. आत्मे दिलेलं परत घेतात!"

निनोस्काने ठाम ठरवलं, पाटी लावायची नाही. बुधवारी यंत्राची सुई मोडली. योगायोग! गुरुवारी दुसरी मोडली. सुया हल्ली तकलादूच येतात! शुक्रवारी सकाळी रेडिओवर बातमी आली: लेखकमहाशय सायकलवरून पडले, मनगट मोडलं. उजवं!

अर्ध्या तासात निनोस्का पुलावर होती, हातात पांढरी फरशी आणि सिमेंटची थापी. फरशीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'ओल्मिर, केलेल्या कृपेबद्दल आभार. मनगट लवकर बरं कर.' खाली नाव घातलं नव्हतं. ती शेवटचा थर लिंपत होती, तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला.

"निनोस्काताई," मास्तर म्हणाले, "जिवंत माणसाला आभाराची फरशी लावतात होय?"

"गप्प बसा हो, मास्तर! आधीच त्याचा आत्मा माझ्यावर रागावलाय!"

बोलून गेल्यावर तिने सिमेंटचाच हात तोंडावर ठेवला, पण उशीर झाला होता. मास्तरांनी मिशीला हळूच पीळ दिला आणि संध्याकाळी हातगाडी घेऊन येतो म्हणून सांगितलं.

लेखकाचं मनगट आता बरं आहे. आठवा खंड चार वर्षांनी यायचा आहे. तोवर निनोस्का आधीचे सगळे खंड पुन्हा तपासते आहे, ओल्मिर जिवंत असल्याचा पुरावा शोधायला. फक्त ते मास्तरांच्या घरून मागून आणावे लागतात, आणि मास्तर एका वेळी एकच देतात.