बोरमळ्याच्या शाळेला दार बसलं

मुख्याध्यापक रंगनाथ सरांनी शाळेच्या वार्षिक प्रगतीची चौऱ्याऐंशी पानांची फाईल छातीशी धरली होती, आणि ज्यांना ती दाखवायची ते विस्तार अधिकारी वाघचौरे साहेब एकोणीस पोरांसकट वर्गात कोंडले गेले होते. दार नवं कोरं, लोखंडी, सरकारी. किल्ल्या तीन. आणि तिन्ही किल्ल्या शनिशिंगणापूरच्या दानपेटीत.

आता हे झालं कसं, ते सांगायला हवं. बोरमळा ही शिंगणापूरच्या शिवाराला लागून असलेली तीस उंबऱ्यांची वस्ती. देवाच्या गावासारखीच इथंही घरांना दारं नाहीत. चौकट असते, पडदा असतो, कुत्रं आत शिरू नये म्हणून आडवी लावलेली फळी असते. पण कवाड, कडी, कुलूप यांतलं काही नाही. शाळाही तशीच. एक मोठा वर्ग, पुढं पडवी, आणि वर्गाला नुसती चौकट. खिडक्यांना तेवढे गज होते, कारण त्या बांधणाऱ्या ठेकेदाराला कुणी काही सांगितलं नव्हतं.

गेल्या जूनमध्ये सर शाळेचा विकास आराखडा ऑनलाईन भरायला बसले. पुढच्या वर्षीचा प्राधान्यक्रम लिहायचा होता. सरांच्या मनात होतं पिण्याच्या पाण्याचा नळ, मग मुलींसाठी स्वच्छतागृह, मग वाचायला पुस्तकं. पण त्याआधी एक रकाना आला, वर्गखोलीला दार आहे का. सर सरळ माणूस. त्यांनी ‘नाही’ लिहिलं. झालं, त्या यंत्रानं दार उचलून पहिल्या नंबरावर नेऊन ठेवलं आणि नळ सरकत सरकत बाराव्यावर गेला. आणि नऊ वर्षं नळ मागणाऱ्या शाळेला नऊ महिन्यांत दार मंजूर झालं. रंगनाथ सरांना हसावं की रडावं कळेना.

टेम्पोतून दार उतरलं तेव्हा सगळी वस्ती बघायला जमली. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष केशरबाई. वय साठीचं, अंगठा उठवणं सोडून सही करायला नुकत्याच शिकलेल्या, आणि शब्द असा की सरपंचही दोनदा विचार करून उत्तर देई. त्यांनी तिथंच सभा घेतली. आपल्या शाळंला दार लावायचं म्हंजी आपला आपल्या देवावर भरवसा न्हाई असं व्हतंय, असं त्या म्हणाल्या. सरांनी हात जोडून सांगितलं की दार परत पाठवलं तर त्याचा खुलासा द्यावा लागेल, आणि आधीच शाळेवर साडेसाती आहे.

ती साडेसाती खरीच होती. वीसपेक्षा कमी पोरं असलेल्या शाळांची यादी तालुक्यात तयार झाली होती आणि बोरमळ्याचा पट होता एकोणीस. यादीतल्या शाळा मोठ्या शाळांत मिसळून टाकायच्या, असं बोललं जात होतं. मोठी शाळा तीन किलोमीटरवर, मोठ्या रस्त्याच्या पलीकडं. त्या रस्त्यावर शनिवारी भाविकांच्या गाड्या आणि बाकीचे सहा दिवस उसाचे ट्रॅक्टर. पहिलीतली पोरं तो रस्ता रोज कशी ओलांडणार, या काळजीनं सरांची झोप उडाली होती. साहेबांच्या तपासणीवर सगळं अवलंबून होतं.

तर सभेत तोड निघाली. दार सरकारचं आहे, गावाचं नाही. तेव्हा ते बसवू द्यायचं, पण लावायचं कधीच नाही. घोडेगावच्या राधाकृष्ण वेल्डरनं तपासणीच्या आदल्या दिवशी दार बसवलं, सरांनी फोटो काढून ‘काम पूर्ण’ म्हणून पाठवून दिला. जाताना राधाकृष्णानं अध्यक्षांच्या हातात किल्ल्या दिल्या. दार ओढलं की आपोआप कुलूप लागतं आणि आतूनही ते किल्लीशिवाय उघडत नाही, हे सांगायला तो विसरला. आणि केशरबाईंनी उभ्या जन्मात किल्ली सांभाळली नव्हती. ती ठेवायची कुठं, हे त्यांना कोण सांगणार? ज्याची राखण त्याच्याजवळ किल्ली, एवढा साधा विचार करून त्या संध्याकाळी शिंगणापूरला गेल्या, आणि तेल वाहून झाल्यावर तिन्ही किल्ल्या दानपेटीत टाकून आल्या.

दुसऱ्या दिवशी दहाला साहेब आले. गाडीतून उतरतानाच त्यांनी घड्याळ पाहिलं आणि आपल्याकडं दहा मिनिटं आहेत असं सांगितलं. वर्गात जाऊन खुर्चीवर बसले. सर फाईल आणायला पडवीतल्या टेबलाकडं गेले. तेवढ्यात केशरबाई चहा देऊन बाहेर आल्या, आणि मार्चची वावटळ मैदानातून गरगरत शाळेकडं निघाली. पाहुण्याच्या चहात माती पडायला नको म्हणून केशरबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एक दार ओढून घेतलं. खट्ट असा आवाज झाला, तेव्हा त्यांना वाटलं, सरकारी दार आहे, आवाज करत असेल.

पुढच्या पाच मिनिटांत वस्तीतले सगळे बाप्ये गोळा झाले. कुणी दार ढकललं, कुणी ओढलं, कुणी वाकून कुलपाच्या भोकात डोळा घातला. चोरी नाही म्हणून कुलूप नाही, आणि कुलूप नाही म्हणून कुलूप उघडता येणारा माणूस नाही, अशी सगळी गंमत. पहार आणून दार उचकटावं असं एकानं सुचवलं, तर सर दाराला पाठ लावून उभे राहिले. काल पूर्ण झालेलं दार आज मोडलं हे कुठल्या रकान्यात लिहायचं? किल्ल्या आणायला शिंगणापूरला माणूस धाडावा, तर दानपेटी ठरल्या दिवसाशिवाय उघडत नाही. राधाकृष्णाला फोन लावला. तो संगमनेरला दुसऱ्या कामावर गेला होता. निघतो म्हणाला, पण यायला अडीच तास लागतील.

सर खिडकीशी गेले. आत साहेबांचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला होता. तोंडाला येईल ते ते बोलले. सरांनी मान खाली घालून ऐकलं आणि गजांतून फाईल पुढं केली. फाईल एवढी जाड की गजांतून जाईना. मग सर एकेक पान काढून आत सरकवू लागले. भौतिक सुविधा, लोकसहभाग, वृक्षारोपण, हात धुण्याचा दिवस. नवव्या पानाला साहेबांनी हात वर केला.

“राहू द्या, सर. पोरं इथंच आहेत. त्यांनाच विचारतो.”

सरांचं धाबं दणाणलं. पोरं हुशार आहेत हे त्यांना ठाऊक होतं, पण किती, हे मात्र त्यांना नीट ठाऊक नव्हतं. खोटं कशाला बोला? सोबतच्या माधुरी बाई दोन महिने नगरला प्रशिक्षणात अडकलेल्या. चार वर्ग, एक मास्तर, आणि रोज तालुक्याहून येणारी माहितीची मागणी. खिचडी किती शिजली, झाडं किती जगली, कितीजणांचे आधार जुळले, सगळं आजच्या आज. सर सकाळी परिपाठ घेत आणि मग पडवीत लॅपटॉपला चिकटत ते दुपारपर्यंत. आत पोरं काय करतात, ते कानावर पडेल तेवढं.

आता ते गज धरून उभे राहिले आणि वर्षात पहिल्यांदा आपलाच वर्ग पाहू लागले.

साहेबांनी काही विचारायच्या आतच चौथीतली पूजा उठली. तिनं पोरांना खूण केली. मोठी पोरं एकेका लहानग्यापाशी जाऊन बसली आणि वर्ग सुरू झाला. चौथीतला सम्राट चिंचोके मांडून पहिलीच्या दोघांना हातच्याची बेरीज शिकवत होता. एकाचं चुकलं तर तो रागावला नाही. त्यानं चिंचोके पुन्हा गोळा केले आणि म्हणाला, पयल्यापासनं करू. तिसरीतली एक पोरगी दुसऱ्या पोरीला गोष्ट अर्धीच सांगून पुढची तिच्याकडून लिहून घेत होती. कुणी कुणाला मारत नव्हतं, कुणी खिडकीतून बाहेर बघत नव्हतं. साहेब खुर्चीवरून कधी उठले आणि सतरंजीवर कधी येऊन बसले, हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

वीस वर्षांच्या नोकरीत सरांनी किती प्रशिक्षणं केली, किती तक्ते रंगवले. आणि हे असं काही त्यांच्याच शाळेत, त्यांच्या पाठीमागं दहा पावलांवर रोज चाललं होतं. केशरबाई शेजारी येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

मग साहेबांनी वाचन घ्यायचं ठरवलं. दुसरीतली ज्ञानेश्वरी पुढं आली. सर मनातून चरकले, कारण ही पोर त्यांच्यापुढं कधी तोंड उघडत नसे. तिनं पुस्तक उघडलं तर साहेब म्हणाले, ते पाठ असेल, न पाहिलेलं काहीतरी वाच. त्यांनी बॅगेत हात घातला आणि न बघताच हाताला लागला तो कागद तिच्याकडं दिला.

ज्ञानेश्वरीनं कागद दोन्ही हातांनी धरला आणि खणखणीत आवाजात, कुठंही न अडखळता वाचलं, “बोरमळा येथील शाळेची पटसंख्या वीसपेक्षा कमी असल्याने सदर शाळेचे समायोजन नजीकच्या शाळेत करण्यात यावे.”

तपासणी व्हायच्या आतच साहेबांनी निकाल लिहून आणला होता. साहेबांनी कागदाकडं हात नेला आणि तसाच मागं घेतला.

“समायोजन म्हंजी काय, साहेब?” ज्ञानेश्वरीनं विचारलं.

“म्हणजे... दोन शाळा एकत्र करायच्या,” साहेब म्हणाले.

“म्हंजी आमची बंद.” तिनं कागद त्यांच्यापुढं धरला. “मी वाचलं ते बरोबर हाय का?”

“बरोबर आहे,” साहेब म्हणाले.

आपली शाळा बंद करण्याचा हुकूम त्या शाळेतल्या सात वर्षांच्या पोरीनं एकही चूक न करता वाचून दाखवला होता. रंगनाथ सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी कशाचं, अभिमानाचं की दुःखाचं, हे विचारायची ती वेळ नव्हती. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि तिला हे कुणी शिकवलं ते विचारलं.

“पूजाताईनं.”

“मग सर काय करतात?”

“सर माहिती पाठवत्यात,” सगळी पोरं एका सुरात म्हणाली.

सरांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण पूजा उभी राहिली. तिनं सांगितलं की सर माहिती भरताना त्यांचा कान इकडंच असतो, कुणाचं चुकलं की मान वर न करता तिथनंच सांगतात, आणि शिकवायची ही रीत त्यांनीच जूनमध्ये घालून दिली होती. ते सरांना खरोखरच आठवत नव्हतं. दहा मिनिटं मोकळी मिळाली होती तेव्हा कधीतरी बोलले असतील. त्या दहा मिनिटांवर पोरांनी वर्ष काढलं होतं.

बाहेर फटफटी थांबल्याचा आवाज आला. राधाकृष्ण हत्यारांची पिशवी घेऊन धावत आला आणि खुडबूड करू लागला. साहेबांनी खिशातून पेन काढलं, तपासणीचा कागद मांडीवर घेतला आणि शेवटचा प्रश्न पोरांना विचारला. पुढल्या वर्षी या शाळेला सगळ्यात आधी काय पाहिजे? बाहेर केशरबाई खिडकीतून नळाची खूण करत होत्या. पोरांनी एकमेकांकडं पाहिलं.

ज्ञानेश्वरी म्हणाली, “आमचे सर आमाला द्या.”

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहिलं. दार उघडलं तरी ते लगेच उठले नाहीत. सम्राटनं मांडलेली बेरीज पुरी होईपर्यंत बसून राहिले. जाताना त्यांनी तो समायोजनाचा कागद चार घड्या करून खिशात घातला. सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीत बसले. पुढच्या तीन शाळांच्या तपासण्या त्या दिवशी झाल्याच नाहीत.

पंधरा दिवसांनी आदेश आला. बोरमळ्याची शाळा यादीतून वगळली होती. केशरबाईंनी वस्तीत गूळ वाटला. सरांनी लॅपटॉप मिटून कपाटात ठेवला, वर्गात गेले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. ज्ञानेश्वरीनं त्यांना गोष्ट वाचून दाखवायला घेतली, तोच मोबाईल वाजला. कार्यालयाचं तातडीचं पत्र होतं. मुख्याध्यापक प्रत्यक्ष वर्गात किती वेळ देतात, याची तासवार माहिती विहित नमुन्यात, तीन प्रतींत, आजच्या आज दुपारी दोनपर्यंत सादर करावी.

सरांनी पत्र दोनदा वाचलं. सवयीनं उठायला गुडघ्यावर हात टेकला. ज्ञानेश्वरी वाचायची थांबली, आणि पूजा नेहमीप्रमाणे वर्ग हाती घ्यायला उभी राहिली. सर पुन्हा खाली बसले. त्यांनी मोबाईलवरच वाघचौरे साहेबांना एक ओळ लिहिली.

“वर्गात असल्यामुळे माहिती भरता आली नाही.”

आता खुलासा द्यावा लागणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं. दोन मिनिटांत साहेबांचं उत्तर आलं.

“माहिती मिळाली. आणखी दोन प्रती पाठवा.”

सरांनी तीच ओळ आणखी दोनदा पाठवली आणि ज्ञानेश्वरीला गोष्ट पहिल्यापासून वाचायला सांगितली.