बूट काढला की दिवस तुटला

मोकाशीकाकांनी एकदा स्मशानात एका माणसाचा हाफ डे लावला होता. आमच्या मंडळातले एक गृहस्थ वारले होते. जूनचा महिना, भर दुपार, सगळे घामानं निथळत उभे. त्यातला एक जण अंत्यसंस्कार उरकतात न उरकतात तोच घड्याळ बघत गाडीकडे सरकला. काका माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "आला, पण भरला नाही. हाफ डे." मला नको तेव्हा हसू आलं, ते दाबताना खोकला आला आणि वारलेल्या माणसाच्या बायकोला वाटलं, मला हुंदका आला. तिनं माझ्यासाठी पाणी पाठवलं.

अरविंद मोकाशी मूळचे मिरजेचे. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीत आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहायचे. उभी हयात त्यांनी एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर म्हणून काढली. साइटवर कोण कधी आला, कोण कधी सटकला, कुणाचा दिवस भरला आणि कुणाचा खाडा झाला, हे ठरवणं हेच त्यांचं काम. ते काम त्यांच्या इतकं अंगात मुरलं होतं, की लग्न, बारसं, गणपतीची आरती, काहीही असो, काका मनातल्या मनात हजेरी घेत उभे असायचे. अशा माणसाला साठीला टेकताना स्कीइंगचा नाद लागला आणि माझ्या सुट्टीच्या दिवसांचं वाटोळं झालं.

दुबईत बर्फ कुठला, असं विचारू नका. इथं एका मॉलच्या पोटात अख्खा बर्फाचा उतार केलेला आहे. बाहेर गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसतो आणि आत तुम्ही भाड्याचं जाकीट घालून दात वाजवत उभे. काचेपलीकडे लोक बर्गर खात बसलेले असतात आणि तुम्ही पडलात की घास थांबवून बघतात. मला थंडी मुळीच सोसत नाही. पण माझी बायको अनघा म्हणाली, "एकटा माणूस आहे, गुडघे धरलेत, जरा सोबत जात जा." तिच्या शब्दाखातर मी जात राहिलो. पासाची किंमत तिला रुपयांत सांगायची नाही, एवढीच काळजी घेतली.

काका नेहमी दिवसभराचा पास काढत. पण दिवसभराचा पास काढला म्हणून दिवस भरत नसे. त्याचे कायदे होते. दार उघडताना आत शिरायचं, बंद होण्याची घोषणा झाल्यावरच बाहेर पडायचं. फोन घेतलात, हाफ डे. मधेच तिथले पाळलेले पेंग्विन बघायला गेलात, हाफ डे. तारेवरच्या पाळण्यात बसून उताराच्या वर जायला लागणारा वेळ धरायचा, कारण ते कामावर जाणं. कॉफीच्या रांगेतला धरायचा नाही, कारण ती टंगळमंगळ. पडलात तर हरकत नाही, पण उठायचं आपलं आपण. आणि सगळ्यात कडक कायदा बुटांचा. स्कीचे बूट टणक प्लॅस्टिकचे असतात, नडगीपर्यंत येतात आणि पाय दारात सापडल्यासारखा वाटतो. काकांच्या राज्यात ते जेवतानासुद्धा काढायची सोय नव्हती. "बूट काढला की दिवस तुटला," हे ते इतक्या वेळा म्हणत, की तिथला फिलिपिनो इन्स्ट्रक्टरही त्यांना बघून हसत हसत "तुटला, तुटला" म्हणायचा.

एकदा मी अगदी शेवटी, टेबलाखाली, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं एका बुटाची कळ सैल केली. काकांनी वाकून पाहिलं.

"खलास, शिरीष. हाफ डे."

"काका, बंद व्हायला आलंय आता!"

"साइटवर लोक तेव्हाच पळतात."

माझा मुलगा अद्वैत बरोबर होता. तो म्हणाला, "बट अंकल, हू इव्हन डिसाइड्स दिस?"

"मी," काका म्हणाले आणि हेल्मेट चढवून परत निघाले.

खरं म्हणजे मला त्यांचा राग यायचा. गुडघ्याला पट्टे बांधलेले, डॉक्टरनं स्पष्ट नाही म्हटलेलं, आणि हा माणूस सुट्टीच्या दिवशी स्वतःची हजेरी घेत त्याच उतारावरून पुन्हापुन्हा खाली येतोय. पाय आत वळवून, पार्श्वभाग मागे काढून, मोरीत घसरू नये म्हणून जपून चालणाऱ्या माणसासारखा. हे कशासाठी, हे मला कळेना.

ते कळलं पाळण्यात. एका रविवारी आम्ही अर्ध्यावर असताना पाळणा बंद पडला. खाली बर्फ, मधे आमचे लोंबकळणारे पाय. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून मी विचारलं.

"सई कॅनडात असते," काका म्हणाले. सई म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. "मी म्हटलं, येऊ का तिकडे? तर म्हणाली, बाबा, आठवडाभर माझं ऑफिस, वीकेंडला मी दिवसभर डोंगरावर स्कीइंगला, तू घरात एकटा बसून काय करणार? म्हटलं, ठीक आहे, मग डोंगरावरच येतो."

"आणि हे कायदे?"

"ते माझे नव्हेत, तिचे आहेत. लहान होती. मी वर्षातनं एकदा रजेवर मिरजेला जायचो. ही कॅलेंडरसमोर उभी राहून सांगायची, बाबा, तू आलास तो दिवस धरायचा नाही, तू नुसता झोपला होतास. जाशील तो दिवस धरायचा नाही, तेव्हा आई रडत असते. बँकेत गेलास तो नाही, आत्याकडे गेलास तो नाही. मी उठल्यापासनं झोपेपर्यंत माझ्याजवळ असशील, तोच फुल डे."

"मग?"

"मग काय. रजा संपली तेव्हा तिच्या हिशेबानं मी आलोच नव्हतो."

पाळणा हिसका देऊन सुरू झाला. काकांनी गॉगल डोळ्यांवर ओढला. मला त्यांची भयंकर दया आली, आणि दया आलेली त्यांना आवडणार नाही म्हणून मी थंडीला शिव्या घातल्या.

काकांची बायको गेली तेव्हाही ते इथेच होते. विमान मिळून घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. अनघाला सांगितलं, तेही तिला मेथी निवडून देता देता.

मग कंपनीनं त्यांना निरोप दिला. वय झालं, व्हिसा संपला, महिनाअखेर गाशा गुंडाळा. आमच्यासारख्यांना या देशात नोकरी आहे तोवरच राहता येतं. त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही, येताना सगळ्यांना माहीत असतं. पण मिरजेला बर्फ मिळतो तो उसाच्या रसात. सईबरोबर स्की करायची तर ती इथंच, आणि आत्ताच. नेमकी सई मैत्रिणीच्या लग्नाला पुण्याला निघाली होती. ती म्हणाली, "बाबा, वाटेत दुबईला उतरते. एक फुल डे तुझा. प्रॉमिस." काकांनी ही बातमी वॉचमनला सांगितली, लाँड्रीवाल्याला सांगितली, शावर्मावाल्याला सांगितली. सगळे म्हणाले, इन्शाल्ला.

त्या दिवशी दार उघडताना आम्ही हजर. सई पहाटे उतरली होती, पण तिनं कळवलं, "हॉटेलवर थोडं पडते आणि येते." काका बूट चढवून काचेजवळच्या बाकावर बसले. जेवायला चला म्हटलं तर "ती आल्यावर." मी जेवून आलो. ते तिथंच. पेंग्विनांची मिरवणूक निघाली, पोरं ओरडली, काका दाराकडे बघत राहिले.

ती आली तेव्हा दुपार कलली होती. "सॉरी बाबा, डोळाच लागला." पोरगी वाईट नव्हती हो. डोळ्यांखाली काळं झालेलं, थकलेली, गोड बोलणारी. आणि स्की काय करायची! काका तिच्यामागून आपले मोरीतल्या चालीनं. एकदा मात्र तिनं वेग अगदी कमी केला आणि मागं वळून बघत, मुलाला सायकल शिकवताना आपण बघतो तसं, त्यांना खालपर्यंत आणलं. काका पडले नाहीत. खाली येऊन ते असे हसले, की मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

मग तिला ऑफिसचा फोन आला. तो बराच चालला. मग तिनं घड्याळ पाहिलं, बाकावर बसली आणि बुटांच्या कळा एकेक करून उघडल्या. प्रत्येक कळेला काका बघत होते.

"फुल डे झाला ना, बाबा? प्रॉमिस पूर्ण?"

मी तिच्या पाठीमागे उभा राहून काकांना जिवाच्या आकांतानं मान हलवून खुणावत होतो, हो म्हणा, एकदा हो म्हणून टाका.

"नाही," काका म्हणाले.

"बाबा!" ती हसली.

"उशिरा आलीस. फोन घेतलास. बूट काढलास. आलीस त्याच दिवशी चाललीस. हा धरायचा नाही. कायदा तुझाच आहे."

तिचं हसू हळूहळू गेलं. "बाबा, मी लहान होते तेव्हा."

"हो. मी तेव्हाच मान्य केला होता."

तिनं त्यांना घट्ट मिठी मारली. "पुढच्या वेळी नक्की," म्हणाली आणि टॅक्सीत बसली.

पार्किंगमध्ये मी काकांवर उखडलो. "अहो, लेक एवढी वाट वाकडी करून आली! भरला म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

काका पट्ट्यावरून गुडघा चोळत होते. "भरला म्हटलं असतं तर तिचं प्रॉमिस झालं असतं पुरं. सुटली असती ती. भरला नाही, म्हणजे तिला परत यायला हवं." मग पट्टा आवळून घेत म्हणाले, "यल्ला, चल. गाडी काढ."

पुण्याहून परतीचं विमान सईनं दुबईला न थांबणारं, दुसऱ्या मार्गाचं घेतलं.

काका निघाले तो शुक्रवार होता. मी रजा टाकली, अद्वैतलाही शाळेतून आल्यावर बरोबर घेतलं. सकाळचा चहा आमच्याकडे, मग सामान बांधणं, अनघानं केलेलं जेवण, मग विमानतळ. हातातल्या बॅगेत त्यांनी स्कीचे हातमोजे वरच ठेवले होते. मिरजेत हे कशाला, विचारलं तर म्हणाले, "सईनं बोलावलं तर? ऐनवेळी सापडत नाहीत."

रांगेत शिरताना अद्वैत म्हणाला, "अंकल, टुडे वॉज अ फुल डे, राइट? वी डिडन्ट टेक एनी कॉल्स."

काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "नाही रे, राजा. जायचा दिवस धरायचा नसतो. मिरजेला ये. तिथं भरू आपण." आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

"पुढच्या सुट्टीत नक्की," मी म्हणालो. सई अगदी याच सुरात म्हणाली होती.